पाव फेरा जादा

गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे, त्यातल्या मिस्त्रींना अख्खी गल्ली मिश्रणकाका म्हणते. यात गल्लीचा काही दोष नाही, हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं. कुणाचं पोर खोकत असो, कुणा नवराबायकोचं बोलणं बंद असो, कुणाच्या स्टोव्हवरचं भांडं बुडाला काळं पडत असो, काकांचं निदान ठरलेलं: "मिश्रण बिघडलंय." एकदा समोरच्या शिंपीणबाईंनी शिवणयंत्रावरचा पाय न थांबवता गाऱ्हाणं घातलं, की आमचा जावई एका नोकरीत टिकेल तर शपथ. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हवा जास्त झालीय त्याच्यात. नुसता फुरफुरतो, ओझं ओढत नाही." जावयाचं इतकं अचूक वर्णन त्याच्या सख्ख्या आईलाही जमलं नसतं. तेव्हापासून शिंपीणबाई त्याला फुरफुऱ्या म्हणतात, अर्थात लेक जवळपास नसेल तेव्हाच.

माणसांचं सोडा, पण इंजिनांच्या बाबतीत काकांची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर नावाची मुठीएवढी धातूची डबी असते. तिच्यात हवा आणि पेट्रोल एकत्र होतं आणि इंजिनाच्या पोटात जातं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण पंधरा भाग, तेही वजनावर, असं पुस्तकातलं गणित. हवा वाढली की इंजिन तापतं, आचके देतं, फारच वाढली तर आतला पिस्टन जाळून ठेवतं. पेट्रोल वाढलं की काळा धूर येतो, वास डोक्यात जातो, आणि ठिणगी पाडणारा प्लग काजळीनं माखून मुका होतो. या दोन्हींच्या मधे एक बारीकशी जागा असते. ती शोधायला डबीच्या कुशीत एक छोटा पितळी स्क्रू असतो. आत पिळला की हवा कमी, बाहेर काढला की जास्त.

ती जागा काका कानानं शोधायचे. इंजिन गरम करायचं, डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे कलवायची आणि बारीक पेचकस दोन बोटांत धरून स्क्रू फिरवायचा. चेहरा असा, की कुणीतरी कानाशी लागून चुगली करतंय आणि यांना ती भलतीच आवडलीय. इंजिनाचा आवाज चढत चढत जायचा, एका क्षणी सगळी खरखर गळून सूर लागायचा, आणि काकांचा हात तिथंच थांबायचा. मग प्लग काढून बघितला तर भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी. कधी चुकलं नाही.

आता मात्र चुकायला गाड्याच उरल्या नव्हत्या. नव्या गाड्यांत ती डबी नसते, तो स्क्रू नसतो. गॅरेजसमोर एके काळी गाड्यांची रांग इतकी लांबायची, की शिंपीणबाईंची गिऱ्हाइकं सीटवरून पाय टाकून दुकानात शिरायची. आता तिथं एक मांजर झोपतं, ऐसपैस. काका सकाळी गॅरेज झाडायचे. दुपारी, कचरा करायला कुणी आलेलंच नसताना, पुन्हा झाडायचे. पाने आकारानुसार लावून झाले होते, मग एकदा लांबीनुसारही लावून झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या शहरात मोटारींच्या कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी फोन करायचा. वरच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एकाच माणसापुरती भांडी. त्यातलीही अर्धी वापराविना पालथी.

खाली गॅरेजच्या कोपऱ्यात लोखंडी चौकटीवर एक सुटं इंजिन बसवलेलं होतं. त्याला ना चाक, ना सीट, ना कुठं जायचं. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं, म्हणजे बहुतेक संध्याकाळी, काका ते सुरू करायचे. मुद्दाम मिश्रण बिघडवायचे आणि पुन्हा जागेवर आणायचे. समोरून शिंपीणबाई ओरडायच्या, "काका, माझ्या पांढऱ्या कापडांना धुराचा वास लागतोय हो. त्याच्याशी गप्पा मारायच्यात तर शटर खाली ओढून मारा." काका हात वर करायचे आणि शटर थोडं खाली घ्यायचे. शिंपीणबाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण त्यांनाही कळत होतं की त्या गप्पाच आहेत.

अशा दिवसांत सिस्टर यायच्या.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणाऱ्या नर्सबाई. कुणाला इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाची लघवीची नळी बदलायची. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसेना, म्हणून हे सुरू केलेलं. जुनी राखाडी स्कूटर, मागे औषधांची पेटी, आणि बोलण्यात अशी जरब, की बरा झालेला पेशंट त्या दारात दिसल्या तर घाईनं उठून बसावा. एकट्याच राहत. त्या काकांना मिस्त्री म्हणत, काका त्यांना सिस्टर.

"मिस्त्री, गाडी जड चालतेय."

"बघतो. बसा."

"किती वेळ?"

"आधी इंजिन गार व्हायला लागेल. मग पुन्हा गरम करून बघू."

आता, सेटिंग गरम इंजिनावरच होतं हे त्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं, आणि सिस्टरची स्कूटर तर चांगली तापून आलेली असायची. पण काकांचा ठेका कायम: आधी गार, मग गरम. तोवर सिस्टर पेटीतून रक्तदाबाचं यंत्र काढून म्हणायच्या, "द्या हात इकडे. तुमचंही बघून घेते." दंडाला पट्टा आवळला जायचा. सिस्टर काट्याकडे बघत कुणा पेशंटची गोष्ट सांगायच्या. एक म्हातारी गोळी गिळल्याचं नाटक करून उशीखाली जमवते. एक गृहस्थ सुई बघितली की देवाधर्माच्या गोष्टी काढतात. काका एरवी बोलण्यात कंजूस, पण सिस्टरपुढे हसायचे, मोठ्यानं. पहिल्यांदा ते हसू ऐकलं तेव्हा शिंपीणबाईंच्या हातून शिलाई वाकडी गेली होती.

आणि इथंच काकांचं पाऊल घसरलं.

खरं तर पहिल्यांदा झाली ती नुसती चूक होती. सिस्टर त्या उशीखालच्या गोळ्यांचं सांगत होत्या, काका ऐकता ऐकता हात चालवत होते. सूर लागला तिथं हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही, स्क्रू पाव फेरा जास्तच आत गेला. काकांच्या लक्षात आलं तेव्हा सिस्टर कोपऱ्यावरून वळल्या होत्या. त्या दिवशी काकांना घास गोड लागला नाही. आयुष्यात इंजिन असं अर्धवट सोडलं नव्हतं. पण एरवी वर्षातून कधीतरी दिसणाऱ्या सिस्टर थोड्याच आठवड्यांनी पुन्हा दारात. "मिस्त्री, वास मारतेय हो फार." आणि पुन्हा आधी गार, मग गरम. पुन्हा दंडाला पट्टा.

त्या दिवशी काकांनी सूर अगदी जागेवर आणला. डोळे उघडले. सिस्टर पेटी बंद करत होत्या, निघायच्या बेतात. काकांनी स्क्रू पाव फेरा आत ढकलला.

याला लबाडीच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. पण काकांच्या लबाडीलाही नियम होते. एक म्हणजे हवा कधी वाढवायची नाही. त्यानं इंजिन जळतं, आणि इंजिन जाळणारा माणूस काकांच्या लेखी माणसांत जमा नव्हता. पेट्रोल वाढलं तर फार तर वास येतो आणि टाकी लवकर रिकामी होते. त्या टाकीचीही सोय त्यांनी केली होती. सिस्टर पेशंटच्या घरी फोन लावायला बाहेर गेल्या की काका आपल्या कॅनमधलं पेट्रोल त्यांच्या टाकीत ओतायचे. म्हणजे नुकसान कुणाचंच नाही, असा त्यांनी स्वतःशी मांडलेला जमाखर्च. शिंपीणबाईंनी एकदा तो कॅन बघितला आणि भुवई अशी चढवली की ती दोन दिवस उतरली नाही.

"काका, लोक गाडीतून पेट्रोल काढतात. तुम्ही भरता होय?"

"सांडलं होतं थोडं."

"टाकीत सांडलं?"

काकांनी फडकं उचललं आणि पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

असं चाललं होतं, आणि थंडीभर निभलं. मग ऊन तापायला लागलं. तापलेली हवा विरळ होते. गाडी तेवढीच हवा ओढते, पण तिच्यात कस कमी असतो, म्हणजे पेट्रोल आपोआपच वरचढ होतं. काकांना हे झोपेतही सांगता आलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते प्रत्येक गाडीचा स्क्रू किंचित बाहेर काढायचे. सिस्टरच्या स्कूटरचा काढला नाही. पाव फेरा आधीच आत होता, त्यात उन्हानं आपली भर घातली.

एका दुपारी पुलाच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता. गाड्या तुंबल्या होत्या. सिस्टर त्या गर्दीत, उन्हात, स्कूटर चालू ठेवून उभ्या होत्या. पुलापलीकडे अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची लघवीची नळी तुंबली होती आणि त्यांच्या सुनेचा फोन आला होता. स्कूटर आधी घुरघुरली, मग काळा धूर सोडला, मग थंड पडली. किक मारून मारून सिस्टरचा पाय भरून आला. प्लग काजळीनं पार बुजला होता. रिक्षा मिळायची तर रस्ताच बंद. सिस्टरनी स्कूटर कडेला लावली, पेटी उचलली आणि पूल चालत ओलांडला.

संध्याकाळी त्या स्कूटर ढकलत गॅरेजवर आल्या. चेहरा उन्हानं रापलेला, केस कपाळाला चिकटलेले. काका उठून उभे राहिले.

"आजोबा?" सगळी हकीगत ऐकून काकांनी विचारलं.

"बरे आहेत आता. मी पोचेपर्यंत गुरासारखे ओरडत होते. सून दारातच रडत उभी होती. मला म्हणाली, सिस्टर, तुम्ही तरी वेळेवर याल असं वाटलं होतं." सिस्टर बाकावर बसल्या. "माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी म्हटलं नव्हतं, मिस्त्री."

काकांनी प्लग काढला. काळा कुळकुळीत. तो हातात धरून ते उभेच राहिले. आता सांगावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण सिस्टर त्यांच्याकडे रागानं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या पेशंटकडे बघावं तसं.

"मिस्त्री, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्हाला हल्ली ऐकायला कमी येतं का?"

काकांचा आ वासला तो मिटेना.

"लाजू नका. वय झालं की होतं. तुमच्यासारख्यांना तर जन्मभर इंजिनांचा आवाज. मला केव्हापासून संशय आहे. पूर्वी तुम्ही एकदा हात लावला की वर्षभर बघायला नको. आता दर थोड्या दिवसांनी तेच. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, माणसाचा हात गेलाय हे गल्लीला कशाला सांगा."

आता बघा, केवढी ही गंमत, आणि केवढी फजिती. बाईंनी वास सोसला, खेपा घातल्या, आणि वर यांची अब्रू झाकली. काकांनी एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, मला सुई पडलेली ऐकू येते. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच. काकांनी मूग गिळले. आणि सिस्टर किंचित मोठ्यानं म्हणाल्या, "पाठ करून बसा. तपासते."

त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, काकांचा एक कान तळव्यानं झाकला आणि कुजबुजल्या, "चमचा."

काका गप्प.

"खिडकी."

काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथं एक पाल होती. तिनंही ऐकलं असावं, कारण ती हलली.

"टोपली." आणि मग, उत्तर येत नाही म्हटल्यावर, स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत: "अरेरे. आणि मला इथं येऊन बसायला केवढं बरं वाटायचं."

शब्द न् शब्द ऐकू आला. काकांच्या मानेवर काटा उभा राहिला, पण चेहरा त्यांनी बहिऱ्यासारखा कोरा ठेवला. सिस्टर पुढे आल्या, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "कानाचे, डॉक्टर, आहेत, ओळखीचे. मी, सांगते, त्यांना." नंतर नेहमीच्या आवाजात, "मी नवी स्कूटर घेतेय, मिस्त्री. इलाज नाही. पेशंटचा प्रश्न आहे. नव्या गाडीत म्हणे हे सगळं आपलं आपण होतं. जुनी कुणाला तरी देऊन टाकेन. तेवढी एकदा जमेल तशी करून ठेवा. दोन दिवसांनी नेते."

सुट्टीच्या दिवशी मुलाचा फोन आला. बापलेकांचं बोलणं एरवी जेवण, तब्येत, हवापाणी असं तीन थांब्यांवर संपायचं. या वेळी काकांनीच विचारलं, "नव्या गाड्यांत मिश्रण कोण बघतं रे?"

"सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर असतो, बाबा. जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तो बघतो. कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. एका मिनिटात कितीतरी वेळा."

"म्हणजे उन्हाळ्यात?"

"आपोआप."

"थंडीत?"

"तेही आपोआप."

"कुणाला काही ऐकावं लागत नाही?"

"नाही. आम्ही स्क्रीन बघतो." मुलगा हसला. "का हो, शिकायचंय का?"

"नाही, सहज." काका जरा थांबले. "चांगलंय. पुलावर बंद पडणार नाही."

"कसला पूल?"

"काही नाही. जेवलास का?"

फोन ठेवल्यावर काका वरच्या खोलीत बराच वेळ बसून होते. गप्प राहिलं तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. सिस्टर नवी गाडी घेतील, ती कधी बिघडणार नाही, त्या कधी येणार नाहीत. फार तर कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जातील, आणि डॉक्टर दोन मिनिटांत सांगेल की या माणसाचे कान पोरासारखे आहेत. बोललं तर? तर त्या लगेचच जातील. दोन्ही रस्ते जायचे तिथंच. पण एका रस्त्यानं त्या जाताना कीव घेऊन जाणार होत्या, आणि ती कीव काकांना लबाडीनं मिळालेली होती. शिवाय एक बारीक ठसठस होती: आजोबा गुरासारखे ओरडत होते, आणि सिस्टरना वाटत होतं की यात दोष कुणाचाच नाही, वयाचा आहे.

सिस्टर ठरल्याप्रमाणे आल्या. स्कूटर होती तशीच उभी होती.

"झाली नाही अजून?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"तुमच्यासमोर करतो."

"गार, गरम?"

"नाही. त्याची गरज नसते." काकांनी नवा प्लग बसवला, किक मारली, इंजिन तापू दिलं. मग डोळे मिटले, मान कलवली. घुरघुर हळूहळू विरळ झाली, आवाज चढला, मोकळा झाला, आणि जिथं सूर लागला तिथं पेचकस थांबला. गल्लीच्या पलीकडे शिंपीणबाईंनी यंत्र थांबवून मान वर केली. इतका स्वच्छ आवाज त्या गाडीतून कित्येक महिन्यांत आला नव्हता. काकांनी हात बाजूला घेतला. स्क्रूला पुन्हा हात लावला नाही.

सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. जन्मभर माणसं तपासलेली बाई. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि चालू इंजिनाच्या आवाजात, जेमतेम ओठ हलवून म्हणाल्या, "मिस्त्री, चहा घेणार?"

"नको," काका म्हणाले.

काकांनी वाकून इंजिन बंद केलं.

"ऐकू येतं," सिस्टर म्हणाल्या.

"येतं."

"त्या दिवशीही येत होतं."

"हो. चमचा, खिडकी, टोपली." काकांनी तिथंच थांबायला हवं होतं, थांबले. पुढचं वाक्य त्यांनी स्वतःजवळ ठेवलं. पण सिस्टरना ते आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"मग हे मिश्रण?"

"मी बिघडवायचो. दर वेळी. पाव फेरा."

"का?"

काकांनी फडक्यात हात पुसले. हात स्वच्छच होते. "तुम्ही परत यावं म्हणून."

मांजर उठून सिस्टरच्या पायाशी गेलं आणि काय वाटलं कोण जाणे, परत फिरलं.

"मी अशीही आले असते, मिस्त्री. साधं बोलावलं असतंत तरी." सिस्टरचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुमच्यासाठी मी लोकांशी खोटं बोलले. म्हटलं, गाडीच जुनी आहे. आणि तो म्हातारा तिकडे तडफडत होता, तुमच्या पाव फेऱ्यापायी."

"हो," काका म्हणाले.

सिस्टर स्कूटरवर बसल्या. एका किकमध्ये सुरू झाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत राहिला, एकसारखा, स्वच्छ, कुठं खोट काढायला जागा नाही असा.

नवी गाडी त्यांनी घेतली नाही. घ्यायची गरजच उरली नाही. ती जुनी राखाडी स्कूटर आता अशी चालत होती की नव्या गाडीनं मान खाली घालावी. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडावरून जायची, आणि थांबायची नाही. काका शटरच्या आत उभे राहून ऐकायचे. आवाज दुरून यायचा, मोठा व्हायचा, दारासमोर किंचितही न रेंगाळता लहान होत जायचा. सूर जागेवर आहे, एवढं त्यांना कळायचं. बस, तेवढंच. मग झाडू घ्यायचे.

शिंपीणबाईंना सगळं ठाऊक झालं होतं, कसं ते विचारू नये. पहिले काही दिवस त्यांनी काकांना टोमणे मारले: "काका, माझ्या यंत्राचाही स्क्रू बिघडवा की, बघू कोण येतंय." पण काका हसेनात, चिडेनात, तेव्हा टोमण्यांतही काही राम उरला नाही. मग त्या नुसत्याच, कारण नसताना, दुकानातून विचारायच्या, "काका, किती वाजले हो?" त्यांच्या भिंतीवर चांगलं हातभर घड्याळ आहे.

उन्हाळा गेला, पुढचे महिने गेले, हवेत गारवा आला. एका सकाळी सिस्टरची स्कूटर कोपऱ्यावर वळताना वेग कमी झाला आणि सायलेन्सरमधून बारीकसं 'फट्' ऐकू आलं.

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. काकांच्या हातातला झाडू थांबला. गार हवा दाट असते, तेवढ्याच श्वासात जास्त मावते, म्हणजे आता पेट्रोल कमी पडत होतं. संध्याकाळी पुन्हा फट्. दुसऱ्या दिवशी दोनदा, शिवाय निघताना एक आचका. हे काळ्या धुराचं प्रकरण नव्हतं, हे इंजिन तापवणारं प्रकरण होतं, काकांनी जे कधी कुणाच्या गाडीला होऊ दिलं नव्हतं ते. पण सांगणार कसं? या तोंडानं जाऊन म्हणायचं, तुमच्या गाडीचं मिश्रण बिघडलंय? कोण विश्वास ठेवील?

चार-पाच दिवस काका दारात यायचे, आत जायचे. शेवटी शिंपीणबाईंनीच कात्री खाली ठेवली.

"काका, तुमच्या येरझाऱ्यांनी माझा धागा तुटतोय. काय झालंय?"

"सिस्टरची गाडी फटफट करतेय."

"मग जा की."

"त्यांना वाटेल, पुन्हा सुरू झालं याचं."

"वाटू दे. दार लावून घेतील तोंडावर, आणखी काय करतील? सुई टोचतील?"

काका पेचकस खिशात घालून पायी निघाले. सिस्टरचं घर तीन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. स्कूटर दाराशीच होती. त्यांनी बेल वाजवली आणि दारापासून चार हात मागे सरकून, स्कूटरपासूनही तेवढेच लांब, उभे राहिले. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, पत्ता चुकलाय या माणसाचा.

सिस्टरनी दार उघडलं.

"गाडी वेग कमी करताना फट् वाजतेय," काका म्हणाले. "निघताना आचका देतेय. थंडीमुळे आहे. मी हात लावलेला नाही, तुमच्या दाराशी मी आजच येतोय. दुसऱ्या कुणाकडूनही करून घ्या, पण करून घ्या. अशी चालवलीत तर इंजिन जाईल."

"दुसरं कोण करतं आता हे?"

काकांनी विचार केला. "कुणी नाही."

सिस्टर आत गेल्या. काकांना वाटलं, संपलं. पण त्या किल्ली घेऊन आल्या, स्वतः स्कूटर सुरू केली आणि काकांच्या शेजारी अशा उभ्या राहिल्या, की त्यांचा हात नीट दिसावा. काकांनी डोळे मिटले नाहीत. त्या बघतायत म्हटल्यावर मिटावेसे वाटेनात. स्क्रू आत घेतला, अगदी हळू. आवाज लागला. हात काढून घेतला.

"किती फिरवलात?"

"फार नाही. तुम्हीच ॲक्सिलरेटर देऊन सोडून बघा."

सिस्टरनी मूठ पिळली, सोडली. पुन्हा पिळली, सोडली. फट् आलं नाही. त्यांनी एकदा मान डावीकडे कलवून ऐकूनही बघितलं, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन सरळ झाल्या.

"मला यातलं काही कळत नाही. मला तुमच्या शब्दावरच जावं लागणार."

"हो."

"ऊन वाढलं की?"

"उलटं. तेवढाच बाहेर काढायचा. नाहीतर पुन्हा..." काकांनी पुलाचं नाव घेतलं नाही.

सिस्टरनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून पदराच्या टोकानं उगीच पुसली. आतून काहीतरी शिजत असल्याचा वास येत होता, एका माणसापुरतं.

"मी गॅरेजवर येणार नाही, मिस्त्री."

"बरं."

"ऊन वाढलं की तुम्हीच या. इथं दाराशी करून जा."

"येतो," काका म्हणाले, आणि पेचकस खिशात ठेवून वळले.

गल्लीत शिंपीणबाई सुईत दोरा ओवायच्या निमित्तानं बाहेरच उभ्या होत्या. दोरा ओवून झाला होता.

"चहा दिला का?"

"नाही."

"आत बोलावलं?"

"नाही."

"मग झालं काय?"

"ऊन वाढलं की या म्हणाल्या."

शिंपीणबाईंनी शाल खांद्यावर ओढून घेतली. थंडी तर आत्ता कुठं सुरू होत होती. त्यांच्या तोंडात काहीतरी चटकदार आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं.

"लांब आहे हो काका अजून ऊन."

"आहे," काका म्हणाले, आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले.